द्वारा

सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या मागच्या फाटकाशी
कडुलिंबाखाली माझं टेबल आहे.
भाडेकरार, नाव बदलल्याची प्रतिज्ञापत्रं,
आणि हल्ली या नव्या तक्रारी:
दुकानानं नंबर घेतला, दुकानानं नंबर दिला.
एकानं नुसती चप्पल घेतली, त्याला कर्जवाले छळतात.
एका म्हाताऱ्याला रोज सकाळी कोणीतरी
गुडघे कसे आहेत विचारतं.
मी टाइप करतो. पानाचे तीस रुपये.

कुंदा पौनीकर आली ती मे महिन्यातल्या दुपारी,
वकीलसुद्धा कूलरपुढून हलत नाहीत अशा वेळी.
पर्समधून बिलं काढली. शाई उडून
कोरी झालेली.
"वाचता नाही येत तं राहू द्या, मले पाठ हायेत.
तेल अर्धा लिटर. मसूर डाळ पावशेर.
उशी, एक."

उशी, एक. मी टाइप केलं आणि थांबलो.

मानेवाड्याचं मार्ट. काउंटरवरची पोरगी
मान वर न करता विचारते, नंबर?
हिनं सांगितला. सात वर्षं जो सांगत आली
तोच निघाला तोंडातून, नवऱ्याचा.
घर सोडून अकरा दिवस झाले होते,
जिभेला कोणी कळवलं नव्हतं.

तिकडे पाचपावलीत त्याचा फोन वाजला:
धन्यवाद! मानेवाडा शाखा. वेळ सात बारा.
रुपये तीनशे अठरा.
आपल्या खात्यात तीन पॉइंट जमा.

सात वाजून बारा मिनिटं.
बाईचा सातबाराच की,
मालकाला घरपोच.

पुढच्या बुधवारी, ट्रॉल्या लावतात तिथे,
तो उभा होता.

"मॅनेजरले म्हटलं, काढा तो नंबर.
तं म्हणे, ज्याचा नंबर त्यालेच ओटीपी जाते,
त्यालेच घेऊन या.
अन् मॅडम, तुमचे पॉइंट बुडतीन.
किती हायेत, म्हटलं.
चाळीस म्हणे.
चाळीसात साबणाची वडी येते, भाऊ. लहानी."

अर्जदार नम्रपणे नमूद करते की,
इथपासून तिचं सगळं मी माझ्या भाषेत आणलं.
उशी कुठे बसेना. तशीच ठेवली.

मग वर उजवीकडे, अर्जदाराचा पत्ता.
ती गप्प झाली.
"याची कापी दुकानालेही जाईन का?"
जाते. आयोगाला एक, दुकानाला एक, तुम्हाला एक.
एक निंबोळी पडली, कीबोर्डवरून घरंगळून खाली गेली.
दोघंही तिच्याकडे बघत बसलो.

मशीनवर होतो तेव्हा कार्बन असायचा.
उजेडात धरला की अख्खा माणूस दिसे, उलटा:
सोडचिठ्ठी, मूळव्याध, भावाचं देणं.
संध्याकाळी ते कागद मी
चहावाल्याच्या शेगडीत घालायचो.
कोणी शिकवलं नव्हतं. पानाला दीड रुपया मिळायचा,
तेवढ्यात हेही आलंच, असं वाटे.

रकान्यात मी लिहिलं:
द्वारा, दिगंबर धकाते, टंकलेखक,
टेबल क्रमांक चौदा, कडुलिंबाखाली.
मोबाइल: माझा.

तिनं दोनदा वाचलं.
"तुमाले तरास होईन बाप्पा."
पोस्टमन ओळखतो मला, एवढंच म्हणालो.
तिच्यासमोर फाइल पुसली.
तिनं तीस रुपये मोजून दिले,
आणि कुठल्या बाजूला वळली
ते मी पाहिलं नाही.

तारीख पडलीय, पावसाळ्यानंतरची.
दुकानाला मात्र प्रत पोचली असावी,
कारण परवा दुपारी मला मेसेज आला:
प्रिय कुंदा, खास तुमच्यासाठी!
उशांवर सवलत, एकावर एक मोफत.
काल पुन्हा. आज सकाळी पुन्हा.

दुकानाच्या वहीत आता
कुंदा पौनीकर कडुलिंबाखाली राहते.
राहू दे.